दातांत धरलेलं लाकूड

योगराजच्या वखारीत त्या दिवशी जे गिऱ्हाईक आलं, तसं गिऱ्हाईक त्याच्या बापानंही पाहिलं नसेल. साठी ओलांडलेला एक उंच माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तो एकेक फळी उचलायचा, तिचा कोपरा रुमालानं पुसायचा आणि सरळ दातांत धरून डोळे मिटायचा. मग त्याची बायको कुंदाबाई फळीच्या दुसऱ्या टोकाला हातानं ठोकायची. योगराज आधी नुसता बघत राहिला. मग न राहवून त्यानं त्या बाईंना विचारलं, की काकू, भाऊंना लाकूड घ्यायचंय की चाखायचंय. हमाल हसले. कुंदाबाईलाही एरवी हसू आलं असतं, पण त्या घडीला ती जे करत होती ते हसण्यासारखं नव्हतं. ती आपल्या नवऱ्याला फसवत होती.

झालं होतं असं. तिच्या नवऱ्याला, प्रेमराजला, ऐकू येत नव्हतं. लहानपणापासून त्याचे कान वाहायचे, आणि धुळ्याकडच्या त्याच्या गावी कान वाहिला की लसणाचं कोमट तेल ओतायचं, एवढंच औषध सगळ्यांना ठाऊक. तेल ओतून ओतून आणि दुखणं अंगावर काढून शेवटी नोकरीच्या अखेरीला दोन्ही कान बंद पडले. एका कानाचं ऑपरेशन करून पाहिलं, उपयोग झाला नाही. ऐकण्याचं यंत्र घातलं की कान पुन्हा वाहायचा, म्हणून डॉक्टरनं तेही काढून ठेवायला लावलं. आतली नस चांगली आहे, वाट तेवढी बुजली आहे, असं तो डॉक्टर म्हणाला होता. वाट बुजलेल्या माणसाला नस चांगली असल्याचं काय कौतुक, असं कुंदाबाईला तेव्हा वाटलं होतं.

दीपनगरच्या वीजकेंद्रात प्रेमराजनं फिटर म्हणून उभा जन्म काढला. चालत्या यंत्राचं बेअरिंग खराब झालंय का, हे फिटर लोक एका जुन्या युक्तीनं बघतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावायची. यंत्राच्या पोटातली घरघर लोखंडातून चढून हाडात येते. निवृत्त होऊन जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधल्यावर मागच्या हिवाळ्यात पाण्याची मोटर गरम व्हायला लागली, तेव्हा त्यानं सवयीनं तेच केलं. मूठ हाडाला लावली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, दातांत धरली. आणि एवढ्या वर्षांनी त्याला मोटर ऐकू आली. तो तिथंच ओल्या फरशीवर बसला आणि टाकी भरून वाहायला लागली तरी उठला नाही.

त्यानंतर आठवडाभर त्यानं घर डोक्यावर घेतलं. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून मिक्सर ऐकला, शिलाई मशीन ऐकली, कुकरच्या कानालाही तो लावायला निघाला होता, तेव्हा कुंदाबाईनं हात धरून त्याला मागं ओढलं. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण आठवड्याच्या शेवटी त्यानं माळ्यावरून आपली जुनी गिटार काढली आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

ही गिटार तरुणपणची. दीपनगरच्या कॉलनीत गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा, त्यात प्रेमराज वाजवायचा. श्रावणात कॉलनीत कानबाई देवी बसायची, त्या रात्री कुंदाबाई गायची, आणि तिच्यासारखं गाणारं त्या कॉलनीत दुसरं कुणी नव्हतं. साहेबांच्या बायका खुर्च्या घेऊन येऊन बसायच्या. प्रेमराजकडे तारा लावायला पेटी नव्हती की कसलं यंत्र नव्हतं. तो गिटार मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, सूर दे. ती भाकरी थापता थापता सूर द्यायची आणि तो त्या सुरावर तार चढवायचा. त्यांच्या संसारातलं प्रेम म्हणायचं ते बहुधा तेवढंच होतं, आणि ते पुरून उरलं होतं.

माळ्यावरची ती गिटार जळगावच्या उन्हानं पाठीला उभी तडकली होती. प्रेमराजनं ती बाजूला ठेवली आणि नवी करायचं ठरवलं. तीही इलेक्ट्रिक, कारण तिचं लाकूड भरीव असतं. पोकळ गिटारचा आवाज हवेत जातो, आणि हवेतलं त्याला काही कळत नव्हतं. भरीव लाकडाचा आवाज लाकडातच राहतो. आणि बिनजोडाची करायची, असं त्यानं ठरवलं. डोक्यापासून बुडापर्यंत मधली दांडी एकाच लाकडाची, कारण जोड आला की तिथं आवाज गळतो. ही अक्कल त्याला कुण्या वाजवणाऱ्यानं दिलेली नव्हती, ती फिटरचीच होती.

"मले दातमाईन आयकू यी, बठ्ठासले डबामाईन," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, त्यामुळे गल्लीलाही कळलं. त्याला दातांतून, बाकी सगळ्यांना डब्यातून; डबा म्हणजे ॲम्प्लिफायर. आणि मग हसून, तिच्याकडे बोट करून त्यानं पुढचं सांगितलं, "औंदा कानबाईले तुनं गानं आयकसू. तू लाकूडले हनुवटी लाव, मी दात लावस."

कुंदाबाईनं मान डोलावली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं ती कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती.

कारण तिचा आवाज गेला होता. प्रेमराजचे कान बंद पडल्यानंतर दीड-दोन वर्षांनी तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, जीव वाचेल पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जीव वाचला. आवाज आला तो फाटका, घोगरा, अर्धा वाराच. बोलणं समोरच्याला कळायचं, पण गाणं कायमचं संपलं. गल्लीतल्या बायकांनी सुरुवातीला आग्रह केला, मग केला नाही. कानबाईच्या पुढं ती आता मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, फक्त प्रेमराजला नव्हतं. त्याला गळ्यावरचा व्रण दिसत होता, आवाज कुठून दिसणार? ते दोघं हातवारे करून, ओठ वाचून, फोनवर अक्षरं लिहून बोलायचे. पुण्याची लेक मोनाली एकदा वडिलांना लिहून सांगायला निघाली होती, तेव्हा कुंदाबाईनं तिला आपली शपथ घातली. असं का केलं ते तिला धड सांगता आलं नसतं, पण मनात पक्कं होतं. ज्याच्यापाशी तिचा आवाज अजून धडधाकट होता असा एकच माणूस आता जगात उरला होता. मोनालीच्या फोनमधल्या एखाद्या जुन्या रेकॉर्डिंगपाशी तो नव्हता, कारण तेव्हा कुणी काही रेकॉर्ड करून ठेवलंच नव्हतं. तो होता प्रेमराजच्या बंद कानांच्या आत. तेवढी एक जागा तिला राखायची होती.

म्हणून त्या दिवशी वखारीत ती फसवत होती. बोटाच्या हाडानं ठोकलं तर लाकूड खणखणीत बोलतं आणि अंगठ्याच्या मऊ गादीनं ठोकलं तर मुकं राहतं, हे कळायला फार वेळ लागत नाही. प्रेमराज डोळे मिटून दातांत फळी धरायचा आणि ती अंगठ्याची गादी लावायची. सागाला लावली, निंबाला लावली. शिवणीची एक फळी योगराजनं खास आतून काढून आणली, ढोलकीवाले हेच लाकूड नेतात म्हणाला. तिलाही तिनं अंगठाच लावला.

"हाई लाकूड बोलत नही," प्रेमराज दर वेळी म्हणायचा आणि फळी खाली ठेवायचा. शेवटी त्याच्या खालच्या ओठात कुसळ गेलं. ते तिनंच रिक्षात बसल्यावर नखानं काढलं.

तशा आणखी दोन-तीन खेपा झाल्या. प्रेमराज हळूहळू मंदावला. मोटरपाशी जाऊन बसणं त्यानं सोडलं. आधी त्याला वाटलं लाकडं ओली आहेत, मग वाटलं दातच निकामी झाले. एके दिवशी जेवताना ताट अर्धं ठेवून त्यानं बोटानं आपल्या जबड्यावर ठोकलं आणि ही वाटही बुजली, अशा अर्थानं हात हलवला. कुंदाबाईनं त्याचं ताट उचललं. माणसाला एवढ्या वर्षांनी एक फट सापडली होती आणि ती आपण अंगठ्यानं बुजवतो आहोत, हे तिला लख्ख कळत होतं. तरी तिनं तोंड उघडलं नाही. भीती ही अशीच असते, कळत असूनही सोडवत नाही.

वैशाखात तिच्या भावाकडे, भिकनकडे, लग्नाची सुपारी फुटायची होती म्हणून दोघं धुळ्याला गेली. भिकनचं गाव धुळ्याला लागूनच. अंगणात पाहुण्यांची पंगत उठल्यावर भिकन बहिणीजवळ येऊन बसला. प्रेमराज ओसरीवर एकटाच बसला होता, कुणाशी बोलणार? भिकननं मान तिकडे हलवली.

"अक्का, दाजीले खरं सांगी टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? त्यासना कानमा मी अजून गास, भिकन," ती आपल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावजयीबरोबर आहेराची भांडी आवरत असताना भिकननं प्रेमराजला मोटरसायकलवर मागं बसवून धुळ्यात नेलं. तिथं कापसाच्या एका जुन्या जिनिंग गिरणीचं छप्पर उतरवत होते आणि त्याचं लाकूड विकायला काढलं होतं. भिकनच्या मनात काही नव्हतं, दाजीचा वेळ जावा एवढंच. पण तिथं ठोकायला कुंदाबाई नव्हती. प्रेमराजनं पडलेला एक बोल्ट उचलला, छपराच्या कैचीतल्या एका सागवानी तुळईची कड दातांत धरली आणि स्वतःच्या हातानं बोल्ट मारला.

दुपारी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून कुंदाबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ओठाला काजळी, कपाळाला जळमट आणि डोळे कॉलनीतल्या त्या तरुण पोरासारखे. तिच्यापुढं येऊन तो म्हणाला, "सापडनं." मग तिचा हात धरून तिला अंगणात नेलं, भाड्याच्या पिकअपमध्ये आडवी टाकून आणलेली तुळई दाखवली. किती वर्षांचं ऊन आणि सरकीची धूळ त्या लाकडानं खाल्ली होती, त्यातला पाण्याचा अंश केव्हाच उडून गेला होता. जागोजागी खिळ्यांची भोकं होती. प्रेमराज त्यावरून असा हात फिरवत होता, की कुंदाबाईला स्वतःची लाज वाटली.

पिंप्राळ्याला परत आल्यावर ती आपण होऊन म्हणाली, म्हणजे हातांनी म्हणाली, की दांडीच्या दोन्ही अंगांना लावायला हलकं लाकूड पाहिजे ना, चला वखारीत. योगराजनं तीच शिवणीची फळी पुन्हा काढली. प्रेमराजनं दातांत धरली, डोळे मिटले. कुंदाबाईनं या खेपेला बोटाचं हाड लावलं. एकदा, दोनदा, जोरात. प्रेमराजनं डोळे उघडले आणि फळीकडे संशयानं पाहिलं. मागच्या खेपेला हीच फळी मुकी होती, असं त्याला वाटत होतं. मग हवेतला फरक असेल, असं स्वतःशीच ठरवून तो फळी घेऊन काट्यावर गेला. कुंदाबाई मागं उभी राहून आपलं बोट चोळत होती. आता पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं, पण आता जे होईल ते लाकडामुळे बिघडणार नव्हतं.

पुढचे दोन-अडीच महिने घरात भुसाच भुसा. सॉ-मिलमधून दांडी कापून आणली, तिच्या दोन्ही बाजूंना शिवणीची अंगं चिकटवून शिकंज्यात आवळली. बोटं चालतात त्या वरच्या पट्टीसाठी अंजनाचा तुकडा भिकननं पाठवला, त्या तांबूस काळ्या लाकडानं दोन करवती बोथट केल्या. पट्टीवरचे पडदे आणि तारा पिळायच्या किल्ल्या मोनालीनं मोबाइलवरून मागवून दिल्या. तारांची थरथर पकडून डब्याकडे पाठवणारं तारांखालचं गुंडाळं मात्र प्रेमराज विकतचं नको म्हणाला. कुणाच्या तरी भंगारातून त्यानं विजेच्या जुन्या रिलेमधली केसासारखी बारीक तार आणि एका फुटक्या स्पीकरचं चुंबक मिळवलं. ती तार गुंडाळायला शिलाई मशीनचं बॉबिन भरायचं चाक कामी आलं. कुंदाबाई चाक फिरवायची आणि तो चिमटीत तार धरून बसायचा. तार दोनदा तुटली, तेव्हा दोघंही एकाच वेळी चुकचुकली. कित्येक वर्षांत ती दोघं अशी एका कामाला बसली नव्हती. तिला वाटायचं, हे असंच चालू राहावं, गिटार कधी पुरी होऊच नये.

ती पुरी झाली श्रावणात. कानबाई बसायची त्या रविवारी सकाळी प्रेमराजनं शेवटची तार चढवली. गल्लीत नैवेद्याच्या रोटांची धांदल होती, समोरच्या यशोदाबाईंच्या दारात कानबाईचा चौरंग धुऊन उन्हात ठेवला होता. प्रेमराज मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसला. डबा अजून जोडला नव्हता. आधी माझं, मग लोकांचं, असं तो म्हणाला. गिटारचं डोकं त्यानं वाकून दातांत धरलं आणि जाड तार छेडली. त्याचे खांदे हलले. मग दुसरी छेडली, मग तिसरी. मग हुंदका आला म्हणून त्याला दात सोडावे लागले.

कुंदाबाई दारात उभी होती. आनंद आणि धाक एकदम दाटून आले की काय होतं ते तिला त्या दिवशी कळलं. ती वळून जायला लागली, तेव्हा प्रेमराजनं हाक मारली. पूर्वीसारखं तो म्हणाला, "सूर दे."

तिनं खुणेनं सांगितलं, रोट लाटायचे आहेत. त्यानं तिचं मनगट धरलं. गाण्यासाठी म्हणून कितीतरी वर्षांनी धरलं होतं, ते सोडवून घेणं तिच्यानं झालं नाही. ती खाली बसली, गिटारच्या बुडाला हनुवटी टेकवली आणि कानबाईच्या गाण्याची जुनी ओळ धरली. त्या ओळीची सुरुवात उंच होती. आवाज तिथवर गेलाच नाही. अर्ध्यात फाटला आणि नुसती हवा आणि खरखर निघत राहिली.

प्रेमराजनं डोळे उघडले. थांब, असा हात केला. त्यानं किल्ल्यांचे स्क्रू आवळले, तारा टेकतात ती पितळी पट्टी घट्ट केली, गुंडाळ्याखाली कागदाची घडी सारली. म्हण, म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा खरखर. त्यानं तार छेडून पाहिली, तार दातांत स्वच्छ वाजली. उभा जन्म यंत्रांचे आजार ओळखणाऱ्या माणसाला आता कळायला हवं होतं. तार स्वच्छ वाजते म्हणजे लाकूड निर्दोष आहे, बिघाड दुसऱ्या टोकाला आहे. कुणी नवशिका फिटरही एवढं सांगेल. पण प्रेमराजच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. कुंदाच्या आवाजात बिघाड असू शकतो, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

"लाकूडमा खोट शे," तो शेवटी म्हणाला. "आतमाईन तडकेल शे. तुना आवाज नीट येत नही."

तो चिडला नाही की कपाळाला हात लावला नाही. शांतपणे त्यानं किल्ल्या उलट्या फिरवून तारा सैल करायला घेतल्या आणि सांगत राहिला, की खिळे फार होते, तिथंच चीर गेली असणार. नशिराबादलाही एक जुनं छप्पर उतरवणार आहेत म्हणे, तिथं बघू. यंदाची कानबाई गेली तर गेली, पुढच्या वर्षीची आहे.

कुंदाबाईला आधी सुटल्यासारखं वाटलं. काही सांगायचीच गरज नव्हती. लाकडाच्या माथी खापर फुटलं होतं आणि तिचा आवाज होता तिथं सुखरूप होता. मग तिला पुढची वर्षं दिसली. हा माणूस गावोगाव तुळया चावत फिरणार, ओठात कुसळं घालून घेणार, आणि ती शेजारी उभी राहून ठोकणार. प्रत्येक चांगल्या लाकडाला तो तडकलेलं म्हणणार. ज्या हातांनी यंत्रं ओळखली ते हात आता चुकायला लागले, असं म्हणत म्हणत तो म्हातारा होणार. आणि हे सगळं कशासाठी, तर आपला आवाज कुणापाशी तरी शिल्लक राहावा म्हणून.

तिनं त्याचा किल्लीवरचा हात धरला. गिटारचं डोकं उचलून स्वतःच त्याच्या तोंडाशी नेलं. त्याला वाटलं, ती पुन्हा गाऊन बघते आहे, म्हणून त्यानं दात लावले. तिनं हनुवटी नव्हे, गळाच लाकडाला टेकवला, व्रण होता तिथं.

"लाकूड चांगलं शे," ती म्हणाली. "मनाच आवाज असा व्हयी गया. ऑपरेशनपासून."

 शब्द कळले होते हे प्रेमराजच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ते डोळे तिच्या गळ्यावर खिळले होते. त्या क्षणी कुंदाबाईचा जुना आवाज खरोखर गेला. ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता तो अर्धाच. इतके दिवस त्याच्यापाशी ठेव म्हणून राहिला होता, तो आता गेला. तिला वाटलं आपण फार मोठं पाप केलं.

मग त्यानं दात सोडले.

"मले काब्र नही सांगं?"

ती पुन्हा लाकडाला टेकली. त्यानं पुन्हा दात लावले. "तुम्हना कानमा तरी जुनाच ऱ्हावो, म्हनीसन."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दोन्ही हात गिटारवर होते आणि ते काढून पुसावं असं त्याला सुचलं नाही. तो दात न सोडता तसाच ऐकत बसला. तिनं मग बोलायचं थांबवलंच नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री काय वाटलं ते सांगितलं, मागच्या रांगेत बसायला कसं वाटतं ते सांगितलं. वखारीतल्या अंगठ्याचंही सांगितलं. ते ऐकताना त्याच्या कपाळाला एक आठी पडली आणि मग मोडली. फोनवर बोटांनी लिहून यातलं काही कधी सांगता आलं नव्हतं. समोरच्या दारातून कुणीतरी तिला रोटांसाठी हाक मारली, ती ऐकूनही ती उठली नाही.

ती थांबली तेव्हा प्रेमराजनं बाहीनं तोंड पुसलं. किल्लीवर हात नेला. तिला वाटलं, तारा काढून टाकतो आहे. पण त्यानं जाड तार छेडली आणि खुणेनं म्हणाला, बोल. काय बोलू, असं ती लाकडाला टेकून म्हणाली. तेवढ्यावर त्यानं किल्ली थोडी उलटी फिरवली. पुन्हा छेडली. तार खाली आली, अजून खाली आली, कधी कुणी गिटारची तार इतकी खाली लावत नाही तिथवर आली. दातांत लाकूड घट्ट धरून, डोळे मिटून तो तिच्या त्या खरखरीत तळाशी सूर शोधत होता, पूर्वी वर शोधायचा तसाच. एका जागी त्याचा हात थांबला. मग बाकीच्या तारा त्यानं त्या तारेच्या मागं एकेक करून उतरवल्या.

"तू वर चढू नको," तो म्हणाला. "मी खाले येस."

बाहेर यशोदाबाई कुणाला तरी चौरंग आत घ्यायला सांगत होत्या. कुंदाबाईनं पदर खोचला, सरसावून बसली आणि हनुवटी लाकडावर टेकवली.